“तुमचे मिस्टर आत आहेत का?”

दारू सोडायची ठरवल्यावर मी पहिली चूक केली ती एका झटक्यात बंद करण्याची. रोज पिणारी मी. दुसऱ्याच दिवशी हात थरथरायला लागले, अंगाला दरदरून घाम, रात्रभर डोळ्याला डोळा नाही. धाकट्या बहिणीने ओढतच डॉक्टरांकडे नेलं म्हणून निभावलं. वर्षानुवर्षं रोज पिणाऱ्याने अचानक थांबवली तर पहिल्या दोन-तीन दिवसांत फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो, जिवावरही बेतू शकतं. मला हे माहीत नव्हतं. म्हणून दारू सोडणाऱ्यांच्या समूहाच्या मीटिंगला जाण्याआधी डॉक्टर गाठा, हे कळकळीने सांगते.

शरीर सावरल्यावर डॉक्टर म्हणाले, “अंगातली दारू उतरवणं माझं काम. पण परत घ्यावीशी वाटेल त्या संध्याकाळी मी तुमच्याजवळ नसणार. तेव्हा हे भोगलेली माणसं लागतात.” अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसबद्दल त्यांच्याकडूनच पहिल्यांदा नीट कळलं. 1935 साली अमेरिकेत अक्रन इथे दोन मद्यपाशी माणसं भेटली, एक शेअर दलाल आणि एक डॉक्टर. आपल्यासारख्याच दुसऱ्याशी बोललं की आजचा दिवस न पिता जातो, हे त्यांच्या लक्षात आलं आणि त्यातून हे सगळं उभं राहिलं. फी नाही. दारू सोडायची इच्छा एवढीच सभासदत्वाची अट. खर्चासाठी सभासदच स्वखुशीने पैसे टाकतात, बाहेरच्यांची देणगी घेत नाहीत.

मीटिंगा शोधताना एक फरक माहीत असावा. खुल्या मीटिंगला कुणीही येऊन बसू शकतं. बंद मीटिंग फक्त ज्यांना स्वतःची दारू सोडायची आहे त्यांच्यासाठी. याशिवाय घरच्यांचे समूह वेगळे असतात. मला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. वेळ आणि जागा तेवढी कागदावर लिहून घेतली आणि जवळच्या एका समूहाकडे गेले.

दारातल्या गृहस्थांनी अगदी आपुलकीने विचारलं, “तुमचे मिस्टर आत आहेत का? घरच्यांची बैठक पलीकडच्या खोलीत आहे.”

“मीच पिते” हे दोन शब्द तोंडातून निघाले नाहीत. मान हलवली आणि पलीकडच्या खोलीत जाऊन बसले. तासभर बायका, आया, एक वडील बोलत होते. शेवटी विशीतला एक मुलगा बोलला. लहानपणी तो दाराआड उभा राहायचा. किल्ली एका दमात कुलपात गेली तर जेवण नीट होणार. ती कुलपावर इकडेतिकडे घासत राहिली तर तो दप्तर घेऊन थेट गच्चीवर जायचा. माझी मुलगी तेव्हा अकरा वर्षांची होती. पर्समधली किल्ली मी मुठीत घट्ट धरून बसले होते, तळहातावर तिचे दात उमटले.

पुढच्या आठवड्यात दारात कुणी विचारायच्या आत सांगून टाकलं, “माझ्यासाठीच आले आहे.” आतल्या खोलीत सगळे पुरुष. वाईट कुणीच वागलं नाही. पण दारूपायी बाईच्या वाट्याला जे येतं, विशेषतः आई असताना, ते तिथे मोकळेपणी बोलता येईना. तिथल्याच एका ज्येष्ठांनी बायकांच्या मीटिंगचा पत्ता दिला. माझं स्पष्ट मत आहे की एका मीटिंगवरून निकाल लावू नये. समूहासमूहात फार फरक असतो. निदान पाच-सहा ठिकाणी तरी बसून बघा.

बायकांच्या त्या मीटिंगला मला चहा दिला तो अर्धा कप. वाटलं, संपत आला असेल. मग बघितलं, शेजारच्या बाईंचा कप काठोकाठ होता. पहिल्या दिवसांत हात कापतात, भरलेला कप हिंदकळतो आणि नवी बाई शरमेने उठून जाते, हे चहा देणारीला स्वतःवरून माहीत होतं. त्या दिवशी मी पहिल्यांदा बोलले. नुसतं नाव आणि “मी मद्यपाशी आहे”, एवढंच. कुणी सल्ला दिला नाही, मध्ये तोडलं नाही. एकाचं बोलणं झालं की दुसरा बोलतो, उलटतपासणी होत नाही. मला याचाच सगळ्यात मोठा आधार वाटला.

स्पॉन्सर म्हणून मी त्याच चहावाल्या ताईंना विचारलं. स्पॉन्सर म्हणजे आपल्या आधी ही वाट चाललेलं, बारा पायऱ्यांतून, म्हणजे या समूहांनी दारूतून बाहेर पडण्यासाठी आखलेल्या बारा टप्प्यांतून, आपल्याला घेऊन जाणारं माणूस. बाईने बाईलाच घ्यावं असा सल्ला देतात, तो मला पटला. त्यांचं एकच सांगणं होतं, “पहिला पेला उचलायच्या आधी फोन. नंतर केलास तरी चालेल, पण आधी.”

सत्तेचाळिसाव्या दिवशी मी आधी फोन केला नाही, नंतर केला. त्या एवढंच म्हणाल्या, “उद्याच्या मीटिंगला ये.” त्या मीटिंगच्या पायऱ्या चढणं पहिल्या दिवसापेक्षा जड गेलं. मोजणी परत एकपासून सुरू केली. आज चौदा महिने झाले.

किल्ली आता एका दमात लागते. तरी कुलपाचा आवाज आला की मुलगी वहीतून मान वर करून दाराकडे बघते. मुलांसाठीही समूह असतात. तिला विचारलं, तर “आत्ता नको” म्हणाली. वेळ आणि जागा लिहिलेला कागद मी तिच्या टेबलाच्या खणात ठेवला आहे.