चौकात संपणारी लेन
आज सकाळी सायकलच्या लेनमधून निर्धास्त चालले होते. उभ्या गाड्यांची रांग लागली आणि एका गाडीचं दार अचानक उघडलं. वीतभर अंतराने वाचले. ब्रेक दाबलेले हात बराच वेळ थरथरत होते.

त्या माणसाने मनापासून माफी मागितली. राग त्याच्यावर नाहीच. रंगाची पट्टी गाड्यांच्या दारांना खेटून आखली की हे होणारच. तीच लेन उभ्या गाड्या आणि फुटपाथ यांच्यामध्ये, दार उघडण्यापुरती जागा सोडून आखता येते. नेदरलँड्समध्ये तर गाडीचं दार, दारापासून लांबच्या हाताने उघडायची सवय लावतात. अंग आपोआप वळतं, नजर मागे जाते.

पुढे चौक आला आणि लेन संपली. जिथे सर्वांत जास्त गरज, नेमकी तिथेच! वळणाऱ्या गाडीवाल्याला शेजारून सरळ जाणारी सायकल दिसत नाही. सायकलींची थांबारेषा गाड्यांच्या पुढे घेतली, हिरवा दिवा त्यांना काही सेकंद आधी दिला, तर त्या निदान नजरेसमोर तरी राहतील.

उद्याही याच रस्त्याने जायचंय. पण उभ्या गाड्यांपासून हातभर लांब, लेनच्या बाहेरून.