'तो' म्हणजे कोण?

इंग्रज लेखिका हिलरी मँटेल यांची 'वुल्फ हॉल' ही ऐतिहासिक कादंबरी मी पहिल्यांदा वाचायला घेतली आणि काही पानांतच मिटून ठेवली, कारण वाक्यावाक्यात येणारा 'तो' नेमका कोण, हेच उमगेना. पुढे कधीतरी लक्षात आले, की नाव न घेता 'तो' आला की बहुधा कादंबरीचा नायक, राजाचा मंत्री थॉमस क्रॉमवेलच समजायचा, मग शेजारी साक्षात इंग्लंडचा राजा आठवा हेन्री उभा का असेना. सुरुवात १५०० सालच्या, लंडनजवळच्या पटनीत होते. लोहार बापाने तुडवलेला पोरगा दगडी फरशीवर पडला आहे, आणि बापाच्या बुटाची शिवण उसवून बाहेर आलेल्या दोऱ्याची गाठ त्याच्या भुवईत रुतून नवी जखम झाली आहे. सारे वर्तमानकाळात घडते. पुढे १५४० मध्ये याच माणसाचा शिरच्छेद होणार, हे आपल्याला ठाऊक असते, त्याला नसते.

आपल्याकडच्या ऐतिहासिक कादंबरीत नायकाला अहोजाहो करण्याची रीत असल्यामुळे त्याच्या इतके जवळ सहसा जाता येत नाही. मराठीत अनुवाद करायचा झाला, तर राजाला 'ते' आणि लोहाराच्या पोराला 'तो' म्हणावे लागेल, आणि मँटेलबाईंनी मुद्दाम घातलेला घोळ आपले व्याकरणच निस्तरून टाकील. (तीन भागांच्या या मालिकेतल्या पुढच्या भागात त्यांनीही जागोजागी 'तो, क्रॉमवेल' असा खुलासा केला आहे, मला तो खटकतो.)

मँटेलबाईंना या मालिकेचे यश उशिरा मिळाले. फ्रेंच राज्यक्रांतीवरची प्रचंड कादंबरी त्यांनी विशीतच लिहून काढली होती, पण तिला प्रकाशक मिळाला नाही आणि ती १९९२ मध्ये छापली गेली. त्याच काळात त्यांच्या गर्भाशयाच्या दुखण्याचे निदान डॉक्टरांना वर्षानुवर्षे झाले नाही. डॉक्टरांनी ते मनाचे खेळ ठरवले. २००९ आणि २०१२ असे दोनदा बुकर मिळाले, तिसरा भाग २०२० मध्ये आला आणि २०२२ मध्ये त्या गेल्या. कथेच्या सोयीसाठी ज्ञात इतिहास वाकवायचा नाही, हा त्यांचा दंडक होता. कल्पनेला मोकळीक होती ती कागदपत्रे जिथे गप्प बसतात तिथे.

त्या काळचा चित्रकार हान्स होल्बाइन याने रंगवलेले क्रॉमवेलचे चित्र आज न्यूयॉर्कला आहे. कादंबरीत ते घरी येते, तेव्हा आपण यात खुन्यासारखे दिसतो, हे कुणाचे तरी जुने बोलणे खरेच होते, असे त्याला वाटते. मुलगा ग्रेगरी सहज विचारतो, तुम्हाला हे माहीत नव्हते?