कॅमेरा कोणाजवळ थांबतो

शुक्रवार, रात्री उशिरा

'किलर्स ऑफ द फ्लॉवर मून' आत्ता संपला. साडेतीन तासांना चार मिनिटं कमी. अण्णा मध्ये एकदाही उठले नाहीत. संपल्यावर चष्मा पुसत त्यांनी एवढंच विचारलं, "अगं, पण शेवटी तो हिस्सा नावावर कोणाच्या लागला?" महसूल खात्यात उभी नोकरी काढलेल्या माणसाचा प्रश्न. सगळा सिनेमा त्याच प्रश्नावर उभा आहे, म्हणून झोपण्याआधी लिहून ठेवते.

ओसेज ही अमेरिकेतली एक मूळनिवासी जमात. त्यांना १८७० च्या दशकात कॅन्ससमधून निघावं लागलं. आज जो भाग ओक्लाहोमात येतो तिथली जमीन त्यांनी चेरोकी या दुसऱ्या जमातीकडून विकत घेतली. खडकाळ, शेतीला फारशी उपयोगी नसलेली. १९०६ मध्ये तिचंही माणशी वाटप झालं, पण ओसेज पुढाऱ्यांनी एक गोष्ट धरून ठेवली: वरची जमीन ज्याची त्याची, पोटातलं खनिज मात्र सगळ्या जमातीचं मिळून. यादीतल्या २,२२९ जणांना त्या उत्पन्नात एकेक हिस्सा. हा हिस्सा विकता येत नव्हता, तो फक्त वारसाहक्काने मिळायचा. मग तेल लागलं. १९२३ या एका वर्षात जमातीला तीन कोटी डॉलरहून जास्त रक्कम मिळाली.

विकत मिळत नाही, वारसानेच मिळतो. म्हणजे बाहेरच्या माणसाला दोन गोष्टी कराव्या लागतात. आधी लग्न, मग वाट पाहणं. आणि वाट पाहायची तयारी नसेल तर खून.

विल्यम हेल हा फेअरफॅक्समधला बडा गुरांचा मालक. त्याचा भाचा अर्नेस्ट बर्कहार्ट, आणि अर्नेस्टची बायको ओसेज, मॉली. मॉलीची बहीण मिनी १९१८ मध्ये गेली. मे १९२१ मध्ये दुसरी बहीण अ‍ॅना डोक्यात गोळी घातलेली सापडली. दोन महिन्यांत आई लिझी गेली. मार्च १९२३ मध्ये तिसरी बहीण रीटा, तिचा नवरा आणि घरात काम करणारी मुलगी राहत्या घरात स्फोट होऊन मेली. अण्णा बोटांवर मोजत होते, जुना फेरफार वाचावा तसे: ही आधी गेली, तिचं आईकडे, आईचं हिच्याकडे... मॉलीपाशी येऊन त्यांचं बोट थांबलं. "आणि हिच्या उशाशी तोच," ते म्हणाले.

कायद्याची साथ होती, हे मला सगळ्यात असह्य झालं. १९२१ च्या कायद्याने, अर्धं किंवा त्याहून जास्त ओसेज रक्त असलेल्या माणसाला, तो व्यवहाराला लायक ठरेपर्यंत स्वतःचे पैसे खर्च करायला पालक नेमला जायचा. पालक म्हणजे गावातलाच गोरा वकील, व्यापारी, बँकवाला. सिनेमात मॉली त्या टेबलासमोर बसते, आपलं नाव सांगते आणि नावापाठोपाठ 'अक्षम' असं स्वतःच्या तोंडाने सांगते. मग आपल्याच पैशांतले थोडे मागते. मॉली झालेल्या लिली ग्लॅडस्टोनने तिथे आवाज जराही चढवलेला नाही. अपमान अंगवळणी पडला की माणूस तो किती सरळ आवाजात बोलतो, ते त्या एका वाक्यात ऐकू येतं.

सुरुवातीलाच मेलेल्या ओसेज माणसांची एक रांग दिसते. मॉली एकेकाचं नाव घेते, वय सांगते आणि म्हणते, तपास नाही. पुन्हा नाव, पुन्हा वय, पुन्हा तपास नाही. पुढच्या तीन तासांत बरंच काही घडतं, पण माझ्या डोक्यात ते दोन शब्दच राहिलेत.

शनिवार

सकाळपासून एक गोष्ट टोचते आहे. सिनेमा मॉलीचा का नाही?

अर्नेस्ट झालेला डिकॅप्रिओ आधी तपास अधिकारी टॉम व्हाइटची भूमिका करणार होता. पटकथा त्याच्या बाजूने लिहिली जात होती. मग सगळं उलटवलं आणि गोष्ट अर्नेस्टकडे आणली. हा निर्णय योग्यच, कारण नाहीतर बाहेरून येऊन सगळं सोडवणाऱ्या अधिकाऱ्याची आणखी एक शौर्यकथा झाली असती. पण दिग्दर्शक स्कोर्सेसी अधिकाऱ्यापासून निघून खुन्याजवळ येऊन थांबतो. अजून दोन पावलं टाकली असती तर मॉली होती. या सिनेमाला भाषेसाठी मदत करणाऱ्या एका ओसेज सल्लागारानेही, आपल्याला ही गोष्ट मॉलीच्या नजरेतून हवी होती, असं उघड सांगितलं होतं. मला त्यांचं म्हणणं पूर्ण पटतं. अर्नेस्ट बायकोवर प्रेमही करतो आणि तिला हळूहळू संपवतोही, हे गूढ मोठं आहे खरं. पण त्याच घरात मॉलीला काय कळत होतं, काय कळूनही तिने दूर ठेवलं, हे त्याहून मोठं गूढ आहे, आणि तिथे आपण तिच्या चेहऱ्यावरून अंदाजच करत राहतो.

शेवट मात्र मला थेट लागला. रेडिओवरच्या नाटुकल्यात सगळ्यांचं पुढे काय झालं ते सांगतात, आणि मग दिग्दर्शक स्वतः उभा राहून मॉलीच्या मृत्यूची बातमी वाचतो. खुनांचा तिथे उल्लेख नव्हता, एवढं सांगून थांबतो. एवढ्या वयाचा, एवढ्या नावाचा माणूस स्वतः पुढे येऊन ते वाक्य म्हणतो, याची मला किंमत वाटते.

हेलला १९२९ मध्ये जन्मठेप झाली, १९४७ मध्ये तो बाहेर आला. अर्नेस्टला पुढे ओक्लाहोमाच्या गव्हर्नरने माफीही दिली. आणि ज्या तपासाचं श्रेय एडगर हूवरच्या नव्या खात्याने (म्हणजे एफबीआय या केंद्रीय तपास खात्याने) पुढे वर्षानुवर्षं मिरवलं, त्याचा खर्च ओसेज जमातीनेच भरला होता! अण्णांना सांगितलं तर ते काही बोललेच नाहीत, नुसते बघत राहिले.

रविवार

हूवर हे नाव धरूनच आज 'मिसिसिपी बर्निंग' लावला. अ‍ॅलन पार्करचा, १९८८ चा. १९२४ मध्ये खात्याचा प्रमुख झालेला माणूस १९६४ मध्येही त्याच खुर्चीत होता, हे आधी पचवावं लागतं.

खरी घटना अशी. २१ जून १९६४. जेम्स चेनी, २१ वर्षांचा, मिसिसिपीतल्याच मेरिडियनचा. अँड्र्यू गुडमन, २०, राज्यात येऊन त्याला एकच दिवस झाला होता. मायकेल श्वर्नर, २४. काळ्या लोकांची मतदार नोंदणी व्हावी म्हणून काम करणारी ही मुलं, एक जाळलेलं चर्च पाहायला नेशोबा काउंटीत गेली. डेप्युटी शेरीफ सेसिल प्राइसने वेगाने गाडी चालवल्याच्या नावाखाली त्यांना पकडलं, फिलाडेल्फिया गावच्या तुरुंगात ठेवलं, रात्री दहानंतर सोडलं, आणि मग पाठलाग झाला. ४ ऑगस्टला तिघांचे देह एका मातीच्या बांधाखाली सापडले.

आता सिनेमा. जीन हॅकमन काय ताकदीचा नट होता! न्हाव्याच्या दुकानातला त्याचा प्रसंग पाहताना हात आवळले गेले माझे. रात्रीच्या आगी ज्या तऱ्हेने चित्रित केल्यात त्याला ऑस्कर मिळालं, तेही रास्त. पण सिनेमा कोणाचा आहे? दोन गोऱ्या अधिकाऱ्यांचा. त्या तिघांना सिनेमात नावंच नाहीत. श्रेयनामावलीत एक 'दाढीवाला', एक 'प्रवासी' आणि चेनी तर 'काळा प्रवासी'. ज्याच्या गावात, ज्याच्या मतासाठी हे सगळं चाललं होतं, तो स्वतःच्या गोष्टीत प्रवासी! चर्चमधली माणसं गातात, रडतात, मार खातात आणि गप्प राहतात. खऱ्या मिसिसिपीत तीच माणसं सभा घेत होती, नोकऱ्या जात असताना नोंदणीच्या रांगेत उभी राहत होती. मार्टिन ल्यूथर किंग यांच्या पत्नी कोरेटा स्कॉट किंग यांनी या सिनेमावर टीका केली होती, ती याचसाठी.

खात्याचे लोक सिनेमात एका काळ्या अधिकाऱ्याला आणून महापौराला धमकावतात आणि माहिती काढतात. खरी माहिती पैसे मोजून मिळवली होती. आणि हूवरच्या खात्यात तेव्हा काळे अधिकारी जवळपास नव्हतेच. प्रेक्षकाला सूडाचं समाधान द्यायला इतिहास असा वाकवला की त्या काळातल्या लोकांचा एकटेपणाच पुसला जातो.

शोधाच्या त्या आठवड्यांत नदीत दुसरे दोन देह सापडले. हेन्री डी आणि चार्ल्स मूर, दोघेही १९ वर्षांचे, दोघेही काळे. आपण शोधतोय ते हे नाहीत, असं कळल्यावर देशाचं लक्ष पुन्हा त्या तिघांकडे गेलं. डी आणि मूरसाठी कोणाला शिक्षा व्हायला २००७ उजाडावं लागलं. श्वर्नरची बायको रीटा तेव्हाच जगासमोर म्हणाली होती की माझा नवरा आणि गुडमन गोरे नसते तर कोणी लक्षही दिलं नसतं. नवरा बेपत्ता असताना एवढं स्पष्ट बोलायला केवढं मन लागतं.

मंगळवार

काल काहीच पाहिलं नाही. आज 'जूडस अँड द ब्लॅक मसाया'.

पुन्हा हूवर. पण इथे त्याचं खातं खून शोधत नाही, खुनाची सोय करतं. फ्रेड हॅम्प्टन, काळ्यांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या ब्लॅक पँथर पक्षाचा शिकागोतला तरुण नेता. मुलांना मोफत न्याहारी, दवाखाना, आणि काळे, पोर्तोरिकन, गरीब गोरे यांना एकत्र आणण्याची धडपड. विल्यम ओनीलला गाडी चोरताना पकडलं होतं. सुटकेच्या बदल्यात त्याला पक्षात घुसवलं, आणि त्याने हॅम्प्टनच्या घराचा नकाशा काढून दिला. ४ डिसेंबर १९६९ च्या पहाटे पोलीस शिरले. नव्वदहून जास्त गोळ्या पोलिसांच्या, घरातल्यांची फक्त एक. हॅम्प्टन आणि मार्क क्लार्क गेले. हॅम्प्टन २१ वर्षांचा होता. चेनीएवढाच.

सिनेमातले दोन्ही मुख्य नट वयाने बरेच मोठे आहेत, ती एक गोष्ट मला खटकली. ओनीलला पक्षात घुसवलं तेव्हा तर तो विशीच्याही आत होता. कोवळ्या पोरांना मोठ्यांनी एकमेकांवर सोडलं, ही यातली खरी क्रूरता, आणि तिशीचे चेहरे पाहताना ती थोडी सुटते.

पण त्या पहाटेचा प्रसंग! डेबोरा, हॅम्प्टनची जोडीदार, दिवस भरत आलेली. तिला खोलीबाहेर ओढतात. आत दोन माणसं जातात. कॅमेरा आत जात नाही. तो तिच्या चेहऱ्यापाशी थांबतो, आपल्याला फक्त गोळ्या ऐकू येतात. मारणारे तिच्या मागे, धूसर. दिग्दर्शक शाका किंगने हे असं का केलं ते मला पूर्ण समजलं. मारणाऱ्याचा हात आपण शंभर सिनेमांत पाहिलाय. ज्या बाईला उरलेलं आयुष्य हे घेऊन जगायचंय, तिच्या शेजारी आपल्याला कोणी उभं केलं नव्हतं. मी सिनेमा थांबवला, पाणी प्यायले, मग पुढे लावला.

१९८२ मध्ये शहर, काउंटी आणि केंद्र सरकारने मिळून साडेअठरा लाख डॉलर देऊन दावा मिटवला. शिक्षा कोणालाही नाही.

गुरुवार

ऑफिसमधल्या मैत्रिणीला हे सगळं सांगत होते. ती म्हणाली, "मग माफियावाले का नाही बघत, ते पण अमेरिकेचाच इतिहास ना." पाहिलेत, आवडलेतही. 'गुडफेलाज'मधली गती मला आजही खेचून नेते. पण त्या जगात मरणारे बहुतेक त्याच धंद्यातले असतात, आणि दुकानदार, ट्रकवाले, ज्यांच्याकडून पैसे उकळले ते, क्षणभर दिसून जातात. त्यांच्यावर जास्त लिहावंसं आत्ता वाटत नाही.

'झोडियॅक'बद्दल मात्र लिहायला हवं. फिंचरचा, २००७ चा. स्वतःला 'झोडियॅक' म्हणवणाऱ्या खुन्याचे १९६८-६९ मधले ते खून अजून उलगडलेले नाहीत. सिनेमा पुरावे एकत्र न येण्यावर जेवढा वेळ देतो तेवढा दुसऱ्या कोणी दिलेला मला आठवत नाही. एक खून एका पोलीस खात्याच्या हद्दीत, दुसरा दुसऱ्याच्या, आणि कागद इकडून तिकडे पाठवायचे तर साधी यंत्रणा नाही. आणि शेवटचा प्रसंग दिला आहे तो गोळ्या लागूनही वाचलेल्या माणसाला. बावीस वर्षांनी तो एका फोटोवर बोट ठेवतो. निकाल लागत नाही, पण शेवटचं बोलणं त्याचं असतं. इतर कितीतरी सिनेमांना एवढंही सुचत नाही.

शनिवार

आठवडाभर जेम्स चेनीची आई मनात आहे. फॅनी ली चेनी.

खून हा राज्याच्या कायद्यातला गुन्हा, आणि मिसिसिपी राज्याने खटलाच भरला नाही. म्हणून केंद्राने १९६७ मध्ये नागरी हक्क हिरावण्याच्या कटाचा खटला चालवला. सात जण दोषी, त्यांत डेप्युटी प्राइस. सहा वर्षांहून जास्त कोणीच आत राहिलं नाही. सगळ्याची आखणी केल्याचा आरोप होता तो एडगर रे किलन सुटला, कारण एका ज्युरी बाईला धर्मोपदेशकाला दोषी ठरवणं जमेना. तोवर फॅनी ली यांना धमक्या येऊन मिसिसिपी सोडावं लागलं होतं. त्या न्यू यॉर्कला गेल्या.

२००५ मध्ये राज्याने अखेर किलनवर खटला भरला. फॅनी ली तेव्हा ऐंशी ओलांडलेल्या होत्या. त्या परत आल्या आणि साक्षीदाराच्या जागी बसून मुलाबद्दल बोलल्या. २१ जून २००५ ला निकाल आला, त्या रात्रीनंतर बरोबर एकेचाळीस वर्षांनी. सदोष मनुष्यवध, साठ वर्षं कैद. दोन वर्षांनी फॅनी ली गेल्या.

अण्णांना हे जेवताना सांगितलं. त्यांनी घास हातातच धरला. "एकेचाळीस वर्षांनी साक्ष द्यायला आली? त्याच गावात?" मी म्हटलं, "हो अण्णा, त्याच गावात." ते म्हणाले, "मग या बाईवर सिनेमा काढला पाहिजे. तो दाढीवाला आणि तो हॅट घातलेला कशाला?"

मलाही तेच म्हणायचं आहे. या गोष्टीत पाठलाग आहे, धमक्या आहेत, न्यायालय आहे, परागंदा होणं आहे, परत येणं आहे. फक्त कॅमेरा तिच्याजवळ थांबायला हवा, आणि चेनीला त्याचं नाव द्यायला हवं. किलनच्या खटल्यावर 'नेशोबा' नावाचा माहितीपट आहे. त्यात तिघांच्या घरचे स्वतः बोलतात. उद्या दुपारी तो लावते, अण्णा जागे असतील तेव्हा.