कवळ्याच्या गुहेतली गळती

दांडेली म्हणजे बेळगावकरांना अंगणातलीच. खानापूर, नंदगड, हल्याळ असं करत गाडी घातली. नंदगडला संगोळ्ळी रायण्णाच्या समाधीपाशी (१८३१ साली इंग्रजांनी त्याला इथंच फाशी दिली) जरा थांबलो, तेवढ्यात आत्यानं कुंद्याचा डबा उघडला. तो मुक्काम येईपर्यंत रिकामा झाला.

कुळगीला वनखात्याच्या तंबूत रात्र काढली. झोप कसली! बाहेर सांबर ओरडलं की मुलगा "वाघ" म्हणून मला हलवायचा.

सकाळी जीपनं कवळ्याला. गाईड आमच्याशी मराठीत, ड्रायव्हरशी कन्नडमध्ये आणि फोनवर कोकणीत बोलायचा. पायऱ्या सुमारे ३७५. "मोजू नका हो, जास्त दमाल," म्हणाला. साठी ओलांडलेली आत्या आमच्या पुढं.

गुहेच्या तोंडाशीच वटवाघळांचा वास, भिजलेल्या गोणपाटासारखा. पुढं छत इतकं खाली येतं की आधी वाकायचं, मग सरळ रांगायचं. माझी पाठ दोनदा घासली. तेवढ्यात गाईडनं बॅटरी फिरवली आणि समोर पिंडी! वर दगडी आचळं लोंबताहेत, खाली त्यांच्या थेंबांनी घडलेला लिंग.

कॅम्पवर एकानं ही गुहा ज्वालामुखीनं झाली असं ठासून सांगितलं होतं. छे, हे सगळं पाण्याचं काम. पावसाचं पाणी मातीतून झिरपताना कार्बन डायऑक्साइड घेतं, किंचित आंबट होतं आणि चुनखडी विरघळवत खाली येतं. गुहेत तो वायू उडून गेला की चुना थेंबाथेंबानं मागं राहतो. शाळेत लवणस्तंभ म्हणून पाठ केलेलं ते हेच. नावात लवण, पण मीठ नावालाही नाही.

आत्यानं झोळीतून दुधाची पिशवी काढली. गाईडनं हात जोडले. "नको मावशी. हातसुद्धा लावू नका. हाताचं तेल बसलं की तिथं चुना धरत नाही."

"मग शिवरात्रीला गर्दी होते तेव्हा?"

"तेव्हा कुणाकुणाला सांगणार?"

आत्या वर बघत राहिली. "बरं. त्यानं स्वतःच गळती लावून घेतलीय की."

देवळात वर टांगलेल्या गळतीच्या भांड्याखालची पिंडी झिजते, ही मात्र वाढतेय. सगळ्यांनी बॅटऱ्या विझवल्या. टप्प. मुलगा अंधारात आकडे मोजायला लागला. सतराला पुढचा थेंब पडला.

दुधाची पिशवी तशीच परत आली. कॅम्पवर चहाला घेतली, तर दूध फाटलं.