गच्चीवरची फायनल

आमचे वडील जळगावचे, आई धुळ्याची. भरीत कुणाकडचं, शेवभाजी कुणाची, यावरून आमच्याकडे सणासुदीला ठिणगी पडतेच. १९०६ साली इंग्रजांनी खानदेशाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन तुकडे केले. त्याआधी अख्ख्या जिल्ह्याचं ठाणं धुळंच होतं, हे आई आजही अशा थाटात सांगते की जणू कालच कुणी तिच्या माहेरचं कपाट उचलून नेलंय.

त्यामुळे नोकरीसाठी स्पेनला, बिल्बाओत आलो तेव्हा इथली एक गोष्ट मला कुणी समजावून सांगावी लागली नाही. बिल्बाओपासून शंभरेक किलोमीटरवर सान सेबास्तियान. तिथले लोक त्याला दोनोस्तिया म्हणतात. दोघंही बास्क, म्हणजे उत्तर स्पेनमधल्या बास्क प्रदेशातले, भाषा एकच, आणि ती आसपासच्या कुठल्याच भाषेच्या नात्यातली नाही. तरी बिल्बाओवाले दोनोस्तियावाल्यांना नाजूक समजतात आणि ते यांना बढाईखोर. वाटेत एइबार लागतं, जसं आपल्याकडे धुळे-जळगाव रस्त्यावर पारोळं.

बिल्बाओचा फुटबॉल संघ अ‍ॅथलेटिक, लाल-पांढऱ्या पट्ट्यांचा. बास्क असेल किंवा बास्क क्लबांत घडलेला असेल, असाच खेळाडू घ्यायचा हा त्यांचा दंडक. तो पाळूनही ते स्पेनच्या पहिल्या श्रेणीतून कधीच खाली घसरलेले नाहीत. दोनोस्तियाचा रेआल सोसिएदाद, निळा-पांढरा. तेही आधी असंच करायचे, पण १९८९ मध्ये लिव्हरपूलच्या जॉन ऑल्ड्रिजला आणून त्यांनी दार उघडलं. त्यावरून बिल्बाओवाले आजही टोमणे मारतात.

पण मैदानात बघावं तर वेगळंच. या दोघांच्या सामन्याला प्रेक्षक सरमिसळ बसतात. लाल पट्ट्याशेजारी निळा पट्टा, नवरा इकडचा, बायको तिकडची. ५ डिसेंबर १९७६ ला, बास्क झेंड्यावर बंदी असताना, इरिबार आणि कोर्ताबारिया हे दोन्ही कर्णधार तोच झेंडा एकत्र धरून मैदानात उतरले होते. त्या दिवशी अ‍ॅथलेटिकने ५-० असा मार खाल्ला. तो आकडा बिल्बाओत कुणी आपणहून सांगत नाही, मला दोनोस्तियावाल्यांकडून कळला.

माझ्या ऑफिसातला मित्र बिल्बाओचा, त्याची बायको दोनोस्तियाची. मार्च २०२० मध्ये दोन्ही संघ कोपा देल रेच्या, म्हणजे स्पेनच्या राष्ट्रीय चषकाच्या, फायनलला पोहोचले. ५ मार्चला अ‍ॅथलेटिकचं नक्की झालं, १८ एप्रिलला सेव्हिलला सामना. दुसऱ्याच दिवशी आम्ही बस ठरवली, आगाऊ पैसेही भरले. १४ मार्चला स्पेन बंद झाला. (त्या बसचे पैसे अजून यायचेत.)

दोन्ही क्लबांनी मिळून सांगितलं, लोकांशिवाय ही फायनल नको, थांबू. मला ते फार आवडलं. अशी फायनल पुन्हा कधी होणार? लग्नाची तारीख पुढे ढकलावी पण वऱ्हाडाशिवाय मांडव घालू नये, तसं. आणि थांबले, जवळपास वर्षभर. तरीही ३ एप्रिल २०२१ ला ला कार्तुहा स्टेडियमवर सामना झाला तो रिकाम्या खुर्च्यांसमोरच.

मी तेव्हा जळगावला घरी अडकलेलो, ‘वर्क फ्रॉम होम’ करत. राज्यात रात्रीची जमावबंदी, गल्लीत चिटपाखरू नाही. आपल्याकडे सामना सुरू होणार रात्री एकला. उकाड्यामुळे आम्ही सगळे गच्चीवर झोपायचो. मित्राने व्हिडिओ कॉल लावून फोन त्याच्या टीव्हीसमोर उभा केला. मी गोधडीवर पालथा पडून बघत होतो, शेजारी माठ, आणि बाजूच्या खाटेवर मोठी माय अर्धवट जागी.

त्या रिकाम्या मैदानात चेंडूला बसलेली लाथसुद्धा ऐकू येत होती. प्रशिक्षकांच्या हाका, खेळाडूंची कुरबुर. हजारोंच्या गलक्यात जे बुडून जायचं ते सगळं उघडं पडलं होतं. खेळ म्हणाल तर बेताचाच. हरायची भीती दोघांच्याही पायात.

उत्तरार्धात सोसिएदादचा पोर्तू गोलकडे सुटला आणि त्याला पाडलं इन्यिगो मार्तिनेसने. हा मार्तिनेस आधी सोसिएदादचाच, २०१८ मध्ये अ‍ॅथलेटिकला आलेला. रेफरीने लाल कार्ड काढलं, मग व्हिडिओ पाहून पिवळं केलं, पण पेनल्टी कायम. ६३ व्या मिनिटाला ओयार्साबालने ती मारली. हा पोरगा एइबारचा, म्हणजे आपल्या हिशेबाने पारोळ्याचा. १-०, आणि तेवढ्यावरच संपलं.

फोनमधून मित्राच्या बायकोची एकच आरोळी आली आणि मध्येच तुटली. मग बराच वेळ फक्त टीव्ही. पडद्याच्या कडेला तिचा हात दिसला, त्याच्या खांद्यावर ठेवलेला. सोसिएदादने १९८७ नंतर प्रथमच चषक जिंकला होता आणि ही बाई धड ओरडतही नव्हती. तो नाक ओढत उठला आणि भांडी घासायला गेला. नळाचा आवाज आला तेव्हा मी कॉल बंद केला. दोनच आठवड्यांनी अ‍ॅथलेटिक त्याच मैदानावर बार्सिलोनाकडून आणखी एक फायनल ४-० ने हरलं. २०२४ ला मात्र चषक आला, नदीतून गाबारा नावाच्या तराफ्यावर मिरवणूक निघाली. ते मी डोळ्यांनी पाहिलंय, त्यावर सावकाश लिहीन.

मोठी माय कूस बदलून म्हणाली, “दोन्ही आपलाच शेतस ना, मंग रडाले काय जयं?” तिला काय सांगणार. तीन वाजत आले होते.

डोळा लागतो न लागतो तोच आई बिबड्यांचं पातेलं घेऊन वर आली. उन्हाच्या आधी वाळवण घालायचं होतं.

“जागाच दिसतोस. कोण जिंकलं रे?”

“धुळे.”

ती काही बोलली नाही. ओलं धोतर माझ्याकडे फेकत म्हणाली, “धर, ताण नीट. जळगाववाल्यांना तेवढं तरी जमू दे.”