कुंपणापलीकडचं झाकण: स्मोक टेस्टच्या पत्रानंतरचे सात आठवडे

आमच्या मागच्या अंगणाच्या कुंपणापलीकडे चार इंची पाइपाचं एक तुटकं झाकण होतं. ते आमचं नाही, एवढं गावाच्या सांडपाणी विभागाला पटवायला मला सात आठवडे लागले. अजूनही आठवलं की डोकं तापतं.

आम्ही ओहायोत राहतो. गल्ली जुनी, जमिनीखाली भाजक्या मातीचे पाइप. ऑगस्टमध्ये दाराच्या मुठीला चिठ्ठी लटकलेली दिसली: पुढच्या आठवड्यात स्मोक टेस्ट. मॅनहोलवर मोठा पंखा बसवून लाइनमध्ये पांढरा धूर ढकलतात. पाइप तडकलेला असेल, झाकण नसेल किंवा कुणी छपराची पन्हळ सांडपाण्याच्या लाइनला जोडली असेल, तर तिथून धूर बाहेर पडतो. अशाच जागांतून पावसाचं पाणी आत शिरतं आणि लाइन तुंबते. मागच्या वर्षी मोठ्या पावसात गल्लीतल्या दोन घरांच्या बेसमेंटमध्ये मैलापाणी उलटं चढलं होतं. त्यामुळे ही तपासणी हवीच होती.

टेस्ट अर्ध्या तासात आटोपली. छपरावरच्या व्हेंट पाइपातून, म्हणजे लाइनमधली हवा बाहेर सोडणाऱ्या पाइपातून धूर आला, तो यायलाच हवा. आई तेव्हा सांगलीहून आलेली होती. तिने स्वयंपाकघराच्या खिडकीतून सगळा प्रकार मोबाइलवर टिपून घरच्या ग्रुपवर टाकला. तुमच्याकडे टेस्ट असेल तर एवढं नक्की करा, धूर दिसताक्षणी व्हिडिओ घ्या.

तीन आठवड्यांनी पत्र आलं. 'तुमच्या मालमत्तेवर क्लीनआउटचं झाकण तुटलेलं आढळलं. ६० दिवसांत परवानाधारक प्लंबरकडून दुरुस्ती करून सोबतचा फॉर्म पाठवा.' क्लीनआउट म्हणजे लाइन साफ करायला जमिनीवर काढलेलं पाइपाचं तोंड. फोटोत गवतातून वर येणारा धूर आणि शेजारी रोवलेला छोटा झेंडा. आमचं क्लीनआउट गॅरेजजवळ आहे आणि त्याचं झाकण धडधाकट! फॉर्मवर चौकटी दोनच: 'दुरुस्ती केली' आणि 'दुरुस्ती करणार'. 'हे माझं नाही' म्हणायला जागाच नाही.

विभागाला फोन केला. म्हणाले, धुराचं काम कंत्राटदाराचं, त्यांना विचारा. कंत्राटदार म्हणाला, आम्ही फक्त नोंद करतो, निर्णय विभागाचा. पुन्हा विभाग. ईमेलला दर वेळी तेच उत्तर, खाली तोच फॉर्म जोडलेला. ६० दिवसांतले ३० असेच गेले. शेवटी अर्धा दिवस रजा काढून विभागाच्या खिडकीवर गेलो आणि आईचा व्हिडिओ दाखवला. धूर कुंपणापलीकडे, स्वच्छ दिसत होता. खिडकीवरच्या बाई म्हणाल्या, "कुंपण म्हणजे हद्द नव्हे." मी काउंटीच्या नोंदीतला नकाशा पुढे केला. त्यावर, "जागा शेजाऱ्यांची असेलही, पण खालचा पाइप तुमचा असू शकतो." मुद्दा बरोबर होता, हे मला मान्य. मग तो ठरवायचा कसा, हे मात्र त्यांनी सांगितलं नाही.

दुसरी अडचण मनातली होती. शेजारी वयस्कर आहेत. आमच्या पहिल्या हिवाळ्यात न सांगता आमच्या दारातला बर्फ काढून देणारा माणूस. त्यांच्याकडे बोट दाखवायला जीभ रेटेना, त्यात आणखी आठवडा गेला.

वाट दाखवली ती प्लंबरने. पाइपात कॅमेरा घालायला बोलावलं होतं. तो म्हणाला, "पैसे कशाला घालवता? विभागाकडे डाय टेस्ट मागा." म्हणजे संडासात रंग ओतून तो कुठल्या पाइपातून जातो ते बघायचं. आमच्याकडे ती फुकट होते. पत्रात याचा एका शब्दाने उल्लेख नव्हता! म्हणून सांगतो, फोनवर 'तक्रार आहे' म्हणू नका, 'डाय टेस्ट हवी' असं लेखी मागा. मला आठ दिवसांत तारीख मिळाली.

आदल्या संध्याकाळी शेजाऱ्यांकडे गेलो आणि सगळं सांगितलं. ते म्हणाले, वसंतात गवत कापताना मशीनचं पातं कशावर तरी आदळलं होतं खरं.

निरीक्षकाने आमच्या संडासात हिरवा रंग ओतून फ्लश केलं. रस्त्यावरच्या मॅनहोलमध्ये हिरवं पाणी आलं, तुटक्या झाकणाखाली काहीच नाही. मग शेजाऱ्यांच्या संडासात रंग टाकला, आणि झाकणाखालून हिरवीगार धार वाहत गेली. तिथे उभा असताना मला काय हायसं वाटलं! शेजाऱ्यांनी त्याच दुपारी हार्डवेअरच्या दुकानातून नवं झाकण आणलं. दहा डॉलरच्या आतलं काम. बसवायला मी मदत केली.

प्रकरण बंद झाल्याचं पत्र मात्र आपोआप आलं नाही, ते मागून घ्यावं लागलं. ते घराच्या कागदांत ठेवा, घर विकताना विचारणा होऊ शकते.

आणि हो, टेस्टच्या आदल्या दिवशी न वापरलेल्या मोऱ्यांत आणि बेसमेंटच्या जाळीत बादलीभर पाणी ओता. आपल्याकडे ज्याला नहाणी ट्रॅप म्हणतात, त्यातलं पाणी आटलं असेल तर धूर थेट घरात येतो. आईला दमा आहे, म्हणून मी ते आठवणीने दोनदा ओतलं होतं.