तक्रारी: निरंक

मे महिना म्हणजे आमच्या खात्यात बीआरएसआरचा, म्हणजे कंपनीच्या सामाजिक आणि पर्यावरणीय जबाबदारीच्या अहवालाचा हंगाम. शेअर बाजारातल्या पहिल्या १००० कंपन्यांना सेबीने २०२२-२३ पासून हा अहवाल सक्तीचा केला आणि वीज, पाणी, कचरा, माणसं अशा सगळ्याचे आकडे गोळा करायचं काम आमच्या चार टाळक्यांच्या मागे लागलं. त्यातलं तिसरं तत्त्व कर्मचाऱ्यांच्या भल्याचं. विमा किती जणांना, पाळणाघर आहे का, दर दहा लाख मनुष्यतासांमागे काम बुडवणारे अपघात किती. ताण हा शब्द मला तिथं सापडलेला नाही. तक्रारींचा तक्ता आहे, त्यात मी आदल्या रात्रीच 'निरंक' टाकून मोकळी झाले होते.

चाकणच्या प्लांटवर गेले ती अपघातांचा आकडा ताडून बघायला. सेफ्टीवाल्यांच्या एक्सेलमध्ये दोन, एचआरच्या एक्सेलमध्ये तीन. खरं काय ते ओएचसीच्या रजिस्टरमध्ये असणार. ओएचसी म्हणजे कारखान्यातला दवाखाना: दोन खोल्या, एक खाट, वजनकाटा आणि सिस्टर.

तिसरा अपघात पाच मिनिटांत सापडला. कंत्राटी कामगाराचं बोट. 'आपला माणूस नाही' म्हणून सेफ्टीवाल्यांनी सोडून दिलेलं. काम झालं होतं, पण मी पानं उलटत राहिले. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात डोकेदुखी, चक्कर, ॲसिडिटी, छातीत धडधड, परत डोकेदुखी. आणि एका कामगाराचा टोकन नंबर महिन्यात अकरा वेळा. दर वेळी पॅरासिटामॉल, एक.

"याला काय झालंय?"

"डिस्पॅचचा पोरगा आहे. गोळी खात नाही तो, मॅडम. दहा मिनिटं पडायला येतो."

"मग गोळी का लिहिता?"

"लिहिल्याशिवाय खाटेवर कसं झोपवू? सुपरवायझर विचारतो ना." त्यांनी खण उघडला. पाकिटातून एकेक कापलेल्या सुट्या गोळ्या. "या सगळ्या त्याच्या."

मार्च एंडला डिस्पॅचची पाळी बारा तासांची, आठवड्याचे सहा दिवस. म्हणजे ७२ तास. आठवड्याला ५५ किंवा त्याहून जास्त तास काम केल्यामुळे २०१६ या एका वर्षात जगभरात ७,४५,००० माणसं पक्षाघात आणि हृदयविकाराने गेली, असा अंदाज जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने २०२१ मध्ये मांडला होता. गेल्या वर्षीच्या प्रेझेंटेशनमध्ये हा आकडा मीच घातला होता, संयुक्त राष्ट्रांच्या शाश्वत विकासाच्या आठव्या, म्हणजे चांगल्या रोजगाराच्या उद्दिष्टाच्या गडद लाल चौकोनाशेजारी. छान दिसला होता.

तिथूनच साहेबांना फोन लावला. तक्रारींच्या तक्त्यात शेऱ्याचा रकाना आहे, त्यात दोन ओळी घालू का?

"लेखी तक्रार आहे कुणाची?"

"नाही."

"मग शेरा कशावर?"

तसं ते चुकीचं बोलत नव्हते. तक्ता दाखल झालेल्या तक्रारीच विचारतो, आणि दहा मिनिटं पडायला मिळावं अशी तक्रार कोण दाखल करणार? बोट मात्र अहवालात जाणार, म्हटलं. ते जरा वेळ गप्प बसले, मग "बघू" म्हणाले.

निघताना सिस्टरनी थांबवलं. "बसा जरा. चेहरा बघा कसा झालाय." दंडाला पट्टा गुंडाळला. १५०/९६.

"नोंद करू?"

"नको. मी इथली नाही, उगाच प्रश्न येतील."

त्यांनी पेन खाली ठेवलं आणि खणातली एक सुटी गोळी माझ्या हातावर ठेवली. डोकं खरंच दुखत होतं. गाडीत बसल्यावर घेतली.